केशवसुतांच्या राजकीय कविता गावात वाचायच्या आहेत: निवड, म्हणण्याची पद्धत आणि लोकांना बोलतं करणं

वाचनकट्टा_मालगुंड

नमस्कार. ७ नोव्हेंबर हा केशवसुतांचा स्मृतिदिन. १९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले, वय अवघं ३९. त्या दिवशी मालगुंड-गणपतीपुळे भागातल्या एका वाचनालयात त्यांच्या सामाजिक-राजकीय कवितांचं वाचन ठरतंय. दीड तास वेळ, ४०-५० माणसं: नववी ते अकरावीची मुलं, शिक्षक, आंबा-काजूचे बागायतदार, जयगडकडची काही मच्छीमार मंडळी, बचत गटाच्या बायका. मालगुंड त्यांचं जन्मगाव, त्यामुळे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. कविता मात्र पहिल्या कडव्यापुरत्याच माहीत असतात.

भाषण ठेवायचं नाही. कविता वाचायची आणि तिच्यावर आलेल्यांनी बोलायचं, एवढंच. कुठल्या कविता घ्याव्यात आणि कुठल्या क्रमाने? ‘तुतारी’ आरडाओरडा न करता कशी म्हणावी? ‘ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही’ ही ओळ आणि ‘अंत्यज’ हा अस्पृश्यांसाठीचा जुना शब्द आजच्या श्रोत्यांपुढे कसा ठेवावा? आणि मुख्य म्हणजे, लोक खरंच बोलतील यासाठी काय करावं लागतं?

कातळवाट

दीड तासाला चार कविता पुष्कळ झाल्या. पाचवी घेतलीत तर लोकांचं बोलणं कापावं लागेल, आणि तुम्हाला तर तेच हवंय.

माझा क्रम असा असेल: ‘मजुरावर उपासमारीची पाळी’ (१८८९), ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ (१८८८), ‘नवा शिपाई’ (१८९८) आणि शेवटी ‘तुतारी’ (१८९३). सालांचा क्रम मोडला तरी चालेल, पण ‘तुतारी’ आधी घेऊ नका. ती वाजून गेली की मजुराचा आवाज कोणाच्या कानात शिरत नाही. ‘आम्ही कोण?’ वगळा. ती कवीच्या सामर्थ्याची कविता आहे, शिवाय अत्र्यांचं ‘दाताड वेंगाडुनी’ हे विडंबन जुन्या मंडळींना इतकं पाठ आहे की कोणीतरी ते म्हणणारच आणि पुढचा अर्धा तास विडंबनावर जाणार.

मजुराची कविता पहिली घ्यायचं कारण तुमचे श्रोतेच आहेत. ती लिहिली गेली तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त माणसं रत्नागिरी जिल्हा पुरवत होता. १९८२च्या संपानंतर गावी परतलेल्यांची घरं प्रत्येक वाडीत आहेत. हाताला काम नाही आणि घरात पोरं उपाशी, हा प्रसंग त्या घरांना समजावून सांगायची गरज नाही. कविता वाचा आणि थांबा.

आता ‘तुतारी’. आरडाओरडा होतो तो शाळेच्या स्पर्धांमुळे. पहिलीच ओळ टिपेला नेली की वर जायला जागा उरत नाही. दुसऱ्या कडव्यापर्यंत घसा बसतो आणि मग सगळी कविता एकाच पट्टीत, हातवारे करत. मुलाला नुसतं ‘हळू म्हण’ सांगून उपयोग नाही, शब्द दाखवा:

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने
अशी तुतारी द्या मजलागुनि!

तुतारी त्याच्या हातात नाही. ‘द्या मज आणुनि’, तो मागतोय. ज्याच्याकडे वाद्यच नाही त्याने पहिल्या ओळीत गर्जना कशी करायची? फुंकायची ती ‘स्वप्राणाने’, म्हणजे स्वतःचा श्वास घालून. आणि तिच्यातून येणार आहे ती ‘किंकाळी’. ललकारी नाही, आरोळी नाही, जयघोष तर नाहीच. किंकाळी वेदनेने फुटते. म्हणून पहिल्या दोन ओळी बोलल्यासारख्या, तिसरीत आवाज उघडायचा, ‘किंकाळीने’वर ताण यायला हवा पण मोठेपणा नको, आणि पाचवी ओळ पुन्हा मागण्याच्या सुरात खाली आणायची. एका कडव्याला साधारण २० सेकंद धरा. १२ सेकंदांत उरकलं तर वाचणारा पळतोय असं समजा.

लघुगुरू

वरच्या प्रतिसादाला जोडून मजकुराबद्दल. फलकावर किंवा कागदावर कविता छापण्याआधी पाठ तपासा. आंतरजालावरून उचललेल्या प्रतींत आजच्या शुद्धलेखनाने ओळी ‘दुरुस्त’ केलेल्या असतात आणि तिथेच वाचणारा अडखळतो. त्याला वाटतं आपलं चुकतंय, चूक छपाईची असते.

‘तुतारी’ची ओळ १६ मात्रांची, आठ-आठचे दोन भाग. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ‘एक तुतारी’ आठ, ‘द्या मज आणुनि’ आठ. कडवं पाच ओळींचं, पहिली आणि पाचवी एका यमकात, मधल्या तीन दुसऱ्या यमकात. आता ही ओळ बघा:

जुने जाउं द्या मरणालागुनि

‘जुने जाउं द्या’: १, २, २, १, २. बरोबर आठ. छापील कागदावर मात्र ‘जाऊ’ असतं. ‘उ’ दीर्घ झाला की नऊ मात्रा होतात आणि ओळीचा पाय घसरतो. ‘आणुनि’चं ‘आणुनी’ झालं तर तितकं बिघडत नाही, ओळीच्या शेवटचं अक्षर आपण लांबवतोच. मधलं बिघडलं की सावरता येत नाही.

‘दीर्घ जिच्या त्या’ हीसुद्धा मुलांना चकवते. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू हा नियम शाळेत शिकवलेला असतो, म्हणून ती ‘जिच्-च्या’ असं दाबून म्हणतात. इथे ‘जि’वर आघात येत नाही, ती लघुच. ३, ३, २, आठ झाल्या. उलट ‘नवा शिपाई’तल्या ‘साकल्याचा’ या शब्दात ‘क’वर आघात येतो, तो गुरू. फरक कानाने कळतो: ‘जिच्या’, ‘पुढल्या’ हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द, ‘साकल्य’ संस्कृतातून आलेला.

‘नवा शिपाई’ची मोठी ओळ २८ मात्रांची, आठ-आठ-आठ-चार:

नव्या मनूंतिल | नव्या दमाचा | शूर शिपाई | आहे

ब्राह्मण नाही, | हिंदुहि नाही, | न मी एक पं|थाचा

‘हिंदुहि’चं ‘हिंदूही’ केलं की दोन मात्रा वाढतात आणि नेमकी हीच ओळ सगळीकडे तशी फिरते. ‘पंथाचा’ मध्येच फुटतो तो फक्त मोजण्यापुरता. म्हणताना शब्द तोडायचा नाही, नाहीतर ‘न मी एक पं’ असं काहीतरी ऐकू येतं. ‘तुतारी’तल्या ‘निज नामे त्यावरती नोंदा’ आणि ‘बसुनी का वाढविता मेदा’ या ओळींनाही हीच काळजी, तिथेही आठ मात्रा शब्दाच्या पोटात संपतात.

तालमीसाठी सोपा उपाय: मांडीवर बोटाने चार-चार मात्रांना एक टिचकी. दोन दिवस तसं म्हणायचं, तिसऱ्या दिवशी टिचकी बंद. ठेका आत मुरलेला असला की अर्थाकडे लक्ष देता येतं. कार्यक्रमात टिचकी ऐकू आली तर ती पाढ्यांसारखी वाटते.

फलकावर जन्मतारीख छापू नका. ती दोन प्रकारे दिली जाते, १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६. मृत्यूच्या तारखेबद्दल वाद नाही. वय दोन्ही हिशेबांनी ३९च येतं.

दाभोळखाडी

‘अंत्यज’ शब्दाबद्दल. शीर्षक बदलू नका. बदललंत तर १८८८ साली या शब्दाला किती धार होती तेच पुसून जाईल. वाचण्याआधी दोन वाक्यं पुरतात: हा त्या काळचा शब्द आहे, ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांनी स्वतःसाठी तो निवडलेला नव्हता. एवढं सांगून थेट कविता. दहा मिनिटांची माफीवजा प्रस्तावना केलीत तर लहान मुलाने आईला विचारलेला तो प्रश्न प्रस्तावनेखाली गाडला जातो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही कविता दलित घरातल्या मुलाला ‘भूमिका’ म्हणून म्हणायला देऊ नका. हेतू चांगला असतो, परिणाम वाईट होतो. अख्खा गाव त्या पोराकडे बघत बसतो. एखाद्या शिक्षकाने वाचावी, साध्या आवाजात, आईचा आणि मुलाचा आवाज न काढता.

आणि एक मागणी आहे, तुम्ही ती मनावर घ्यावी असं फार वाटतं. ही कविता एकटी वाचू नका. ती सहानुभूतीने लिहिलेली आहे, पण लिहिणारा त्या झोपडीच्या बाहेर उभा आहे. नेमक्या त्याच सुमारास, याच कोकणात, एक माणूस झोपडीच्या आतून प्रश्न विचारत होता. गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे, लष्करातून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेले. त्यांचं ‘विटाळ विध्वंसन’ १८८८च्या सुमाराचं आणि त्याची रचनाच प्रश्नांची आहे: धर्मातल्या जाणत्यांपुढे ठेवलेले एकामागून एक प्रश्न. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतही ते लिहीत. केशवसुतांच्या कवितेत मूल आईला विचारतं, आई तरी काय उत्तर देणार? वलंगकरांनी प्रश्न ज्यांनी उत्तर द्यायला हवं त्यांच्या दारात नेऊन ठेवला. दोन्ही मजकूर लागोपाठ वाचले की ‘पहिला प्रश्न’ या शीर्षकातल्या ‘पहिला’ शब्दावर लोक आपोआप बोलू लागतात. वलंगकरांचे तीन प्रश्न घ्या, तीनच, दीड मिनिटात होतात.

पुढे कोणी विचारलंच तर धागा हाताशी असू द्या: महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७, आणि खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारीची पद्धत, नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात आणलेलं विधेयक १९३७चं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका. रत्नागिरी जिल्ह्यात हा विषय कुठल्याच घराला लांबचा नाही.

सुधारकी_वळण

एक मतभेद नोंदवतो. ‘राजकीय’ हा शब्द इथे जरा सैल वापरला जातोय. केशवसुत मॅट्रिक झाले ते १८८९ साली, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून. टिळक आणि आगरकर ज्या शाळेत होते तीच ही शाळा. आगरकरांचं ‘सुधारक’ पत्र १८८८चं. त्यांची कविता आगरकरांच्या बाजूची आहे: आधी घर, जात, रूढी, मग राज्य. ‘तुतारी’त इंग्रज सरकार कुठे आहे? शत्रू घरातलाच आहे. ‘सडत न एक्या ठायी ठाका’ हे सरकारला उद्देशून नाही, आपल्याला आहे.

पारतंत्र्याबद्दल थेट बोलणारी कविता हवी असेल तर ‘एका भारतीयाचे उद्गार’ (१८८६) घ्या. काँग्रेसची स्थापना डिसेंबर १८८५ची, म्हणजे ही पुढच्याच वर्षीची आणि कवी विशीतला. कातळवाट यांच्या यादीत ती नाही, याचं नवल वाटलं.

‘नवा शिपाई’बद्दलही एक. पहिली ओळ उचलून दुसरी सोडायची सवय मोडा. ‘ब्राह्मण नाही, हिंदुहि नाही’ इथे थांबलं की अर्धी सभा खूश, अर्धी नाराज. खरा वार पुढे आहे:

तेच पतित की जे आखडिती प्रदेश साकल्याचा!

‘पतित’ म्हणजे जातीतून किंवा धर्मातून खाली पडलेला. १८९८ साली हा शब्द लोकांना बाहेर काढायला वापरत. केशवसुत तो उलटा फिरवतात: जे जगाचा विस्तार आखडून लहान करतात, पतित ते. रत्नागिरीच्या श्रोत्याला ‘पतित’ म्हटलं की १९३१चं, सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर आठवणार, हे गृहीत धरा. आठवलं तर आठवू दे, तोही या शब्दाच्या इतिहासाचाच भाग आहे. फक्त कवितेतला अर्थ निराळा आहे हे सांगा, नाहीतर चर्चा मंदिरावर जाऊन तिथेच बसते.

कातळवाट

@सुधारकी_वळण, ‘शत्रू घरातलाच आहे’ हे पूर्ण मान्य. पण म्हणूनच ती राजकीय. विहिरीवर कोण पाणी भरणार हा प्रश्न राज्यकारभाराच्या बाहेरचा कधीच नव्हता. ‘एका भारतीयाचे उद्गार’ मुद्दाम टाळली, कारण तिची भाषा जड आहे आणि कानाने पहिल्याच वेळी ऐकणाऱ्या नववीतल्या मुलाच्या हाती फार थोडं लागतं. शिक्षकांसाठी वेगळी बैठक असेल तर तिथे जरूर.

‘नवा शिपाई’त तुमच्या बागायतदारांसाठी एक जागा राहून गेली:

खादाड असे माझी भूक
चतकोराने मला न सुख
कूपातिल मी नच मंडूक
मळ्यास माझ्या कुंपण पडणे अगदी न मला साहे!

तीन आखूड ओळी आणि मग एकदम लांब ओळ. त्या तिघी एका दमात घ्यायच्या, लांब ओळीआधी श्वास. वाचून झाल्यावर विचारा: गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातल्याशिवाय बाग राखता येते का? कोकणात गडग्याच्या एका हातावरून भावाभावांत दोन-दोन पिढ्या बोलणं नसतं. कुंपण सहन होत नाही म्हणणाऱ्या माणसाला बागायतदार उत्तर देईल, आणि ते उत्तर पुस्तकातलं नसेल.

सुपारीची_बाग

कविता ठरल्या. आता कार्यक्रम कुठे फसतो ते सांगते, कारण निवड चांगली असूनही बहुतेक वेळा इथेच घोटाळा होतो.

सगळ्यात आधी ‘तुतारी’चं चित्र. फेब्रुवारी २०२४पासून ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे एका पक्षाचं निवडणूक चिन्ह आहे. फलकावर तुतारीचं चित्र टाकलंत तर लोक कवितेच्या कार्यक्रमाला पक्षाचा समजतील, आणि आचारसंहिता चालू असेल तर फलक उतरवायला लावतील. चित्र टाकूच नका. फक्त ‘केशवसुत: कवितावाचन आणि चर्चा’, तारीख, वेळ, जागा. पंचायत किंवा पालिका निवडणुकीची आचारसंहिता त्या दरम्यान येते का ते आधी विचारून ठेवा, आणि व्यासपीठावर उमेदवार नकोत, कुठल्याच बाजूचे.

वेळ. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भात झोडायचं काम असतं आणि काही वर्षी दिवाळीही त्याच आठवड्यात येते. पंचांग बघून तारीख एखाद दिवस पुढेमागे करा. पाच वाजता ठेवलंत तर शेतातून कोणी येणार नाही, शिवाय खारा वारा थेट माइकमध्ये घुसतो आणि प्रत्येक ‘फ’ला ‘भ’ला फाटल्यासारखा आवाज येतो. सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मग वारा पडतो. साडेसहाला सुरू करा, आठला संपवा, म्हणजे लांबून आलेल्यांना परतायला अडचण नाही. माइकला स्पंजची टोपी हवीच. खोली ५० माणसांची असेल तर माइकशिवायच वाचा, आवाज जवळचा वाटतो.

कागद. चारही कवितांचे उतारे एकाच ए-फोर कागदावर पाठपोट, अक्षर १६ पॉइंटचं, एका कवितेच्या १५ ओळींहून जास्त नाहीत. ६० प्रती काढा आणि तितक्याच पेन्सिली आणा. पेन नको, लोक पेनने खूण करायला बिचकतात. कवितांवर प्रताधिकार उरलेला नाही, बिनधास्त छापा. मात्र एखाद्या संपादकाची प्रस्तावना किंवा टिपा उचलून छापू नका, त्यांचा हक्क वेगळा असतो.

वाचन दोनदा. पहिल्यांदा कागद उलटा ठेवायला सांगा, फक्त ऐकायचं. दुसऱ्यांदा कागद सरळ, आणि जो शब्द टोचला किंवा अडला त्याच्याखाली रेघ. मग अर्धा मिनिट शांतता. हा अर्धा मिनिट निवेदकाला फार मोठा वाटतो आणि तो मध्येच बोलून घालवतो. घड्याळ बघा, ३० सेकंद पूर्ण होऊ द्या.

त्यानंतर ‘कविता कशी वाटली?’ असं विचारू नका. त्याला ‘छान वाटली’ एवढंच उत्तर येतं आणि दार बंद होतं. ‘कुठल्या शब्दाखाली रेघ मारलीत?’ असं विचारा. एक शब्द सांगायला कोणी घाबरत नाही. मग ‘का?’. बोलणं शब्दापासून सुरू करायचं हा नियम पहिल्यालाच सांगितला की कोणी पक्षावर घसरलं तरी परत आणता येतं: ‘दादा, तुमची रेघ कुठे आहे?’ एवढं पुरतं.

पहिला कोण बोलतो याने बाकीचं ठरतं. पाहुणे किंवा मुख्याध्यापक आधी बोलले तर मुलं नंतर तेच शब्द फिरवून बोलतात. आधी अकरावीची एखादी मुलगी, मग बचत गटातल्या कोणी, मग इतर, पाहुणे अगदी शेवटी. प्रत्येकाला दोन मिनिटं. बायकांना मागच्या रांगेत बसू देऊ नका. खुर्च्या गोलात मांडल्या की मागची रांगच राहत नाही.

हिशेब असा बसतो: एका कवितेला दोन वाचनं मिळून पाच-सहा मिनिटं, बोलणं चौदा मिनिटं. चार कविता म्हणजे ८० मिनिटं. दहा हाताशी. वलंगकरांचे तीन प्रश्न त्या दहातून.

वाचनकट्टा_मालगुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर ‘जाउं’ आणि ‘हिंदुहि’ जुन्या वळणानेच जाईल. एक शंका राहिली: मुलांनी ‘जाउं’वरचा टिंब बघून ‘जाउन’ असा उच्चार केला तर?

लघुगुरू

करतील, हमखास. तो अनुस्वार उच्चाराचा नाही. कागदावर टिंब काढून ‘जाउ’ छापा, उ ऱ्हस्वच ठेवा. मात्रा तीच राहते. शाळेत ‘ऱ्हस्व लिहिलं म्हणून चूक’ असं कोणी म्हणू नये यासाठी तळाला एक ओळ टाका: ‘वृत्तासाठी कवीने ठेवलेले ऱ्हस्व-दीर्घ कायम ठेवले आहेत.’ तालमीत त्या एका ओळीला पाच वेळा टिचकीवर म्हणवून घ्या: जुने-जाउ-द्या, मरणा-लागुनि.